आर.आय.पी. म्हणजे काय, सर?

गेल्या वर्षी आमच्या शाळेतले एक जुने शिपाईकाका वारले. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश यायला लागले. निम्मे ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’, काही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मधेमधे ‘आर.आय.पी.’. थोड्या वेळाने कुणीतरी एक फिरता मेसेज टाकला. मुसलमानाने आर.आय.पी. लिहू नये, तो ख्रिश्चनांचा मंत्र आहे, असं त्यात होतं. अगदी असाच मेसेज हिंदू मित्रांच्या ग्रुपवरही फिरतो, फक्त ‘मुसलमान’च्या जागी ‘हिंदू’ असतं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, आर.आय.पी. म्हणजे नेमकं काय?”

“रेस्ट इन पीस!” मागच्या बाकावरून उत्तर आलं.

उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. मूळ शब्द इंग्रजी नाहीत, लॅटिन आहेत: ‘रेक्विएस्कात इन पाचे’. इंग्रजी भाषांतराची आद्याक्षरंही तीच जुळली, म्हणून मूळ विसरलं गेलं. कॅथलिक ख्रिश्चनांच्या थडग्यांवर ही तीन अक्षरं शतकानुशतकं कोरली जात आहेत. ‘रेक्विएस्कात’ म्हणजे ‘विसावो’. मराठीत आपण ‘होवो’, ‘लाभो’, ‘मिळो’ म्हणतो, त्याच घडणीचं हे क्रियापद. म्हणजे ही बातमी नाही, दुआ आहे. आपण गेलेल्या माणसाला ‘मरहूम’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ज्याच्यावर रहम झाली तो. दोन्हीकडे मागणं एकच आहे, फक्त भाषा वेगळी.

हे मी वर्गात सांगितलं. तेव्हा त्याच मुलाने पुढचा प्रश्न टाकला. “सर, मग ते लोक अशा भाषेत दुआ का मागतात, जी त्यांना समजत नाही?” आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, “पण सर, आपल्याला तरी अरबी कुठे समजते?”

तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न सुटला नाही.

मला वसईच्या एका गुरुजींची आठवण झाली. पंधराएक वर्षांपूर्वी नाशिकला शिक्षकांच्या प्रशिक्षणात आठ दिवस आम्ही एका खोलीत होतो. ते निवृत्तीला आलेले, जन्माने कॅथलिक, मातृभाषा वसईची मराठी. पोर्तुगीजांनी 1534 साली वसई घेतली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्यं बदलली, पण तिथल्या ख्रिस्ती समाजाने मराठी सोडली नाही. मी पहाटे फजरच्या नमाजला उठायचो, तेव्हा तेही उठून बसायचे. एकदा नमाज संपल्यावर म्हणाले, “तुमचं ऐकताना मला माझं लहानपण आठवतं. आम्हालाही असंच, अर्थ न कळता, सगळं तोंडपाठ होतं.”

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते नऊ-दहा वर्षांचे होते. चर्चमध्ये फादरच्या मदतीला वेदीपाशी उभे राहायचे. तेव्हा मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. फादर म्हणायचे, ‘दोमिनुस वोबिस्कुम’. या पोराने उत्तर द्यायचं, ‘एत कुम स्पिरितु तुओ’. प्रभू तुमच्याबरोबर असो. आणि तुमच्या आत्म्याबरोबरही. मी म्हटलं, हे तर सलाम आणि सलामाचा जवाब झालं! ते हसले. मग त्यांनी सांगितलं की हा अभिवादनाचा शब्द चर्चमध्ये जन्मलाच नाही. बायबलच्या जुन्या करारात बोअज नावाचा शेतकरी कापणी करणाऱ्या मजुरांना शेतात येऊन असं म्हणतो. आपल्याकडे कापसाच्या वेचणीला शेतमालक बांधावर येऊन ‘राम राम’ किंवा ‘सलाम’ म्हणतो, तसंच.

त्या आठ दिवसांत मी त्यांच्याकडून त्यांचे आवडते लॅटिन शब्द वहीत उतरवून घेतले.

‘मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा.’ माझी कसूर, माझी कसूर, माझी फार मोठी कसूर. हे म्हणताना छातीवर तीनदा मूठ मारायची. ते म्हणाले, “लहानपणी अर्थ माहीत नव्हता, पण मूठ छातीवर बसली की काहीतरी चुकलंय एवढं कळायचं.” आपलं ‘अस्तग़फ़िरुल्लाह’ मला तिथेच आठवलं.

‘आवे मारिया.’ सलाम, मरिये! देवदूत गॅब्रिएल मरियमला भेटतो तेव्हाचं हे अभिवादन. आपण त्याच फरिश्त्याला जिब्रील म्हणतो, आणि मरियमच्या नावाची तर कुरआनात आख्खी सूरा आहे.

‘मेमेंतो, होमो.’ माणसा, आठव. राखेच्या बुधवारी फादर भाविकांच्या कपाळावर राख लावतात, तेव्हाच्या वाक्याची ही सुरुवात. तू माती आहेस आणि मातीतच परत जाणार आहेस, असं पुढे येतं. कब्रस्तानात मय्यतीवर तीन मुठी माती टाकताना आपण सूरा ताहामधली आयत म्हणतो. तिचा आशयही मातीतून घडवणं आणि मातीत परत नेणं हाच आहे, फक्त तिथे पुन्हा मातीतूनच उठवण्याचं वचनही आहे.

चौथे शब्द क्रूसावरच्या पाटीचे. त्यांची आद्याक्षरं इंग्रजीत आय.एन.आर.आय. अशी वाचली जातात: ‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’. क्रूसाबद्दल आपली श्रद्धा वेगळी आहे. हजरत ईसांना सुळावर दिलं गेलं नाही असं आपण मानतो, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण योहानाच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट त्यांनी दाखवली. ती पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. त्यातली लॅटिन ही रोमन सरकारची भाषा. ज्या सत्तेने शिक्षा दिली, तिचीच भाषा पुढे चर्चची पवित्र भाषा झाली.

ती तशी झाली कशी, हे मी नंतर वाचलं आणि थक्क झालो. रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती लॅटिनमध्ये नव्हे, ग्रीकमध्ये प्रार्थना करत. संत पौलाने रोमच्या लोकांना लिहिलेलं पत्रही ग्रीकमध्ये आहे. पुढे सामान्य माणसाला ग्रीक कळेना, म्हणून उपासना त्याच्या बोलीत, म्हणजे लॅटिनमध्ये आली. पोप दमासुसने 382 साली जेरोम या विद्वानाला बायबलच्या लॅटिन भाषांतराचं काम दिलं. त्यातून उभ्या राहिलेल्या बायबलला पुढे ‘वल्गेट’ म्हणू लागले, म्हणजे जनसामान्यांचं. म्हणजे लॅटिन आली ती लोकांना समजावं म्हणून!

मग काळ पुढे सरकला. लोकांची लॅटिन बदलत बदलत तिची इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज झाली. चर्चची लॅटिन मात्र जागच्या जागी राहिली. 813 साली फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेला सांगावं लागलं की प्रवचन तरी लोकांच्या बोलीत करा. उपासना पवित्र भाषेत आणि समजावणं लोकांच्या भाषेत, ही वाटणी आपल्यालाही अनोळखी नाही. जुम्म्याचा ख़ुतबा अरबीत, त्याआधीचं बयान उर्दूत.

या वाटणीतूनच मराठीला एक मोठा ग्रंथ मिळाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला. चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्येच चालू होती, पण लोकांच्या मनात कथा उतरायची तर ती त्यांच्या भाषेत हवी, हे त्याने ओळखलं. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी रोमन. सुमारे अकरा हजार ओव्या.

मिस्सेची भाषा बदलायला मात्र आणखी साडेतीनशे वर्षं लागली. फेब्रुवारी 1962 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी लॅटिनचा अभ्यास टिकवा असा आदेश काढला. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला त्यांनीच बोलावलेली दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. 4 डिसेंबर 1963 ला परिषदेने उपासनेविषयीचा ठराव 2,147 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केला. लॅटिन जपावी, पण लोकभाषेलाही जागा द्यावी, असं त्यात होतं. गंमत म्हणजे तो ठरावही लॅटिनमध्ये आहे! त्यानंतरच्या काही वर्षांत वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा आली. ज्या वसईत पोरं लॅटिन घोकत, तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पुढे ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं आणि 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं.

“मराठी आली तेव्हा घरात सगळे खूश झाले असतील,” मी गुरुजींना विचारलं होतं.

“आई झाली. म्हणाली, आता कळतंय आपण काय मागतो ते. आजी रुसली. तिला लॅटिनचं एक अक्षर येत नव्हतं, तरी म्हणाली, हे तर रोजच्यासारखंच बोलणं झालं, यात देव कुठाय?”

ही आई आणि ही आजी कॅथलिक जगात आजही भांडत आहेत. 2007 साली पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक दिली, 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली. आपल्या बाजूला तुर्कस्तानचं उदाहरण आहे. तिथे 1932 साली सरकारने अजान तुर्कीतच द्यायची असं ठरवलं. 1950 साली बंदी उठताच मिनारांवरून पुन्हा अरबी अजान आली. भाषा वरून लादली तर आजीही ऐकत नाही आणि आईही.

मला विचाराल तर नमाजची अरबी बदलावी असं मला वाटत नाही. जळगावचा मजूर आणि इंडोनेशियाचा मच्छीमार एकाच ओळीत उभे राहू शकतात, ते याच शब्दांमुळे. पण अर्थ शिकवायला कुणाची बंदी आहे? अठराव्या शतकात शाह वलीउल्लाह यांनी कुरआन फारसीत आणला, त्यांच्या मुलांनी उर्दूत. आज मराठी अनुवादही मिळतात. आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि तिथेच थांबतो. मग अर्थ माहीत नसलेल्या मुलाला कुठलाही फिरता मेसेज घाबरवू शकतो. आपल्या शब्दांचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याच्या शब्दांची भीती वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: ‘आमीन’ आणि ‘आमेन’. लॅटिन मिस्सेतही हा शब्द भाषांतर न करता हिब्रूतून तसाच ठेवला आहे. अलिफ, मीम, नून ही त्याची मूळ अक्षरं. ‘ईमान’ आणि ‘अमानत’ याच कुळातले. मग सांगितलं, नमाजमध्ये जे म्हणता त्यातले पाच शब्द घ्या आणि घरी विचारून अर्थ लिहून आणा.

बहुतेकांनी आणले. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याच्या वहीत चारच होते. पाचव्यापुढे लिहिलं होतं: ‘दादीला विचारलं. ती म्हणाली, मतलब माहीत नाही, पण हे म्हटल्याशिवाय मला झोप येत नाही.’

मी त्याला पाचपैकी पाच गुण दिले, आणि पाचव्या शब्दाचा अर्थ खाली लिहून सांगितलं, हा आज दादीला वाचून दाखव.