पीटर गॅब्रिएल : रॉकच्या मंचावरून नुसरतच्या मैफिलीपर्यंत

‘नुसरत फतेह अली खान यांना पीटर गॅब्रिएलने शोधून काढलं’ असं वाक्य इंटरनेटवर जागोजागी वाचायला मिळतं. मला ते खटकतं. ज्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कव्वाली गायली जात होती, ज्यांच्या कॅसेट बर्मिंगहॅमच्या ‘ओरिएंटल स्टार एजन्सीज’मार्फत ब्रिटनमधल्या पंजाबी घरांत आधीच वाजत होत्या, त्यांना कुणी शोधायचं कारण नव्हतं. मग या इंग्रज गायकाने नेमकं केलं काय? ते समजून घ्यायचं तर त्याची स्वतःची वाटचाल पाहावी लागते. रॉक बँडचा मुख्य गायक, मग एकटा कलावंत, मग संगीतकार, असा तो प्रवास आहे.

बँड

पीटर गॅब्रिएलचा जन्म १३ फेब्रुवारी १९५०चा. इंग्लंडमधल्या चार्टरहाऊस या जुन्या, श्रीमंतांच्या निवासी शाळेत तो शिकला. तिथल्या मित्रांनी १९६७मध्ये ‘जेनेसिस’ हा बँड उभा केला. टोनी बँक्स आणि माइक रदरफोर्ड हे त्याचे शाळासोबती. ड्रमर फिल कॉलिन्स १९७०मध्ये आला, गिटारवादक स्टीव्ह हॅकेट त्यानंतर.

जेनेसिसचं संगीत तीन मिनिटांच्या गाण्यांचं नव्हतं. वीस-वीस मिनिटं चालणाऱ्या रचना, त्यात गोष्ट, पात्रं, बदलणारे ताल. गॅब्रिएल गाता गाता नाटक करायचा. १९७२मध्ये तो कोल्ह्याचं मुंडकं आणि बायकोचा लाल ड्रेस घालून मंचावर आला, तेव्हा बँडमधल्या सोबत्यांनाही त्याची आगाऊ कल्पना नव्हती. पुढे फुलाचा मुखवटा आला, म्हाताऱ्याचा आला. लोक गाण्यापेक्षा सोंगांची चर्चा जास्त करू लागले. बँडमधल्या बाकीच्यांना ते बोचणं साहजिक होतं.

१९७४मध्ये ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हा दोन तबकड्यांचा अल्बम आला. न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या पोर्तोरिकन तरुणाची ती कथा. त्याच वर्षी गॅब्रिएलला मुलगी झाली आणि जन्मतःच तिची प्रकृती नाजूक होती. घर की बँड, हा सवाल उभा राहिला. दौरा पूर्ण करून १९७५मध्ये तो जेनेसिसमधून बाहेर पडला. बँड तेव्हा चढणीवर होता. अशा वेळी बाहेर पडणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. गायकाची जागा अखेर फिल कॉलिन्सने घेतली आणि जेनेसिस पुढे पूर्वीपेक्षाही जास्त खपला.

एकट्याची वाट

१९७७मध्ये त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. त्यातलं ‘सॉल्सबरी हिल’ हे गाणं बँड सोडण्याच्या निर्णयाविषयीच आहे. बाथ शहराजवळच्या एका टेकडीचं नाव त्याला दिलंय. या गाण्याचा ताल मुख्यतः सात मात्रांचा आहे. पाश्चात्य लोकप्रिय संगीतात हे विरळाच. आपल्याला मात्र रूपक तालामुळे सात मात्रांची सवय आहे, म्हणून आपल्या कानाला ते गाणं परकं वाटत नाही.

पहिल्या चारही अल्बमना त्याने एकच नाव दिलं, ‘पीटर गॅब्रिएल’. १९८०च्या तिसऱ्या अल्बममध्ये ड्रमवाल्यांना झांजा वाजवायला त्याने बंदी केली. जाड, घुमणारे ठोके तेवढे उरले. अमेरिकेतल्या अटलांटिक कंपनीने तो अल्बम काढायलाच नकार दिला. दुसऱ्या कंपनीने तो काढला. त्याच अल्बमच्या शेवटी ‘बिको’ आहे. दक्षिण आफ्रिकेतला कृष्णवर्णीय नेता स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या कोठडीत मरण पावला, त्याच्यावरचं हे गाणं. सुरुवातीला आणि शेवटी आफ्रिकी अंत्ययात्रेतल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण येतं. इथून त्याच्या संगीतात दुसऱ्यांचे आवाज यायला लागले.

१९८२मध्ये त्याने काही मित्रांसोबत शेप्टन मॅलेट इथे ‘वोमॅड’ हा महोत्सव भरवला. जगभरचं संगीत एका मंचावर आणायचा बेत होता. महोत्सव आर्थिकदृष्ट्या साफ कोसळला. देणी डोक्यावर बसली. तेव्हा जेनेसिसचे जुने सोबती धावून आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्स इथे भर पावसात त्यांनी त्याच्यासोबत एक जलसा केला आणि वोमॅड वाचला. ज्या बँडला तो सोडून गेला होता, त्यानेच त्याचं कर्ज फेडलं. चार वर्षांनी, १९८६मध्ये, ‘स्लेजहॅमर’ हे त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथून त्याने खाली ढकललं ते जेनेसिसच्याच गाण्याला!

आवाज बाजूला ठेवणारा संगीतकार

वोमॅड टिकला म्हणूनच १९८५च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या मर्सी बेटावर नुसरतसाहेब गाऊ शकले. समोर बहुतांश गोरे श्रोते. शब्द कळत नव्हते, पण मैफल जमली. पश्चिमेतल्या त्यांच्या कीर्तीची सुरुवात अनेकजण या रात्रीपासून मोजतात.

गॅब्रिएलने त्याच सुमारास ॲलन पार्करच्या ‘बर्डी’ या सिनेमाचं संगीत केलं. आपल्याच जुन्या गाण्यांमधले शब्द काढून त्याने उरलेले सूर नव्याने मांडले. पुढे मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट टेम्पटेशन ऑफ ख्राइस्ट’ (१९८८) आला. सिनेमावरून ख्रिस्ती जगात मोठा वाद झाला. ईसा अलैहिस्सलाम यांच्या अखेरच्या दिवसांविषयी आपली श्रद्धा त्या कथेहून वेगळी आहे, हे वाचकांना सांगायला नको. पण संगीताकडे लक्ष द्या. १९८९मध्ये ‘पॅशन’ या नावाने ते स्वतंत्र आलं. तुर्की ने, आर्मेनियाचा दुदुक, एल. शंकर यांचं व्हायोलिन आणि नुसरतसाहेब. शीर्षक-रचनेत नुसरत, सेनेगलचा युसू न्दूर आणि एक इंग्रज बालगायक एकत्र येतात. रॉकच्या मंचावर मुखवटे घालून मिरवणारा गॅब्रिएल इथे जवळपास दिसत नाही.

ग्रॅमी मिळालं, तेही ‘न्यू एज’ विभागात! दुदुक आणि कव्वालीचा आलाप कोणत्या फळीवर ठेवायचा, हे त्या बाजाराला कळलंच नाही.

नाव कुणाचं?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एका भाषेतली चीज दुसरीत जाताना मूळ धन्याचं नाव वाटेत गळून पडतं, हे मी कायम पाहतो. म्हणून मला गॅब्रिएलची पुढची कृती जास्त मोलाची वाटते. ‘पॅशन’सोबतच त्याने ‘पॅशन सोर्सेस’ नावाचा दुसरा अल्बम काढला. ज्या कलावंतांच्या संगीतावर आपण उभे राहिलो, त्यांचं संगीत त्यांच्याच नावाने. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘रिअल वर्ल्ड’ कंपनीने नुसरतचा ‘शहेन-शाह’ काढला, १९९०मध्ये मायकल ब्रूकसोबतचा ‘मस्त मस्त’.

आता आपल्याकडे पाहा. १९९४च्या ‘मोहरा’तलं ‘मस्त’वालं गाणं गल्लीगल्लीत वाजलं. चाल ‘दम मस्त कलंदर’वरून उचललेली. पडद्यावर संगीतकार म्हणून नाव विजू शहांचं. कलंदराच्या दरबारातली मस्ती नायिकेच्या वर्णनात गेली आणि श्रोत्यांना मूळ कव्वालाचा पत्ता दिला नाही. शेजारच्या, भाषा समजणाऱ्या माणसांनी जे केलं नाही, ते हजारो मैलांवरच्या, शब्द न समजणाऱ्या माणसाने केलं.

गॅब्रिएलचीही बाजू पूर्ण उजळ नाही. त्याची आणि नुसरतसाहेबांची ‘टॅबू’ ही रचना १९९४मध्येच ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ या खूनखराब्याने भरलेल्या सिनेमात गेली. अल्लाह-रसूलच्या स्तुतीत ज्याची हयात गेली, त्या आवाजाचं हे ठिकाण नव्हे. नाव दिलं म्हणजे सगळी जबाबदारी संपत नाही. आवाज कुठे वाजणार, हेही ठरवायचा हक्क कलावंताचा असायला हवा.

१६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये नुसरतसाहेबांचा इंतकाल झाला, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी. पाच वर्षांनी गॅब्रिएलच्या ‘अप’ अल्बममधल्या ‘सिग्नल टू नॉइज’ या गाण्यात त्यांचा आवाज पुन्हा उमटला. त्याच वर्षी त्याने ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ला संगीत दिलं, आईपासून हिरावलेल्या तीन आदिवासी मुली ऑस्ट्रेलियाभर चालत घरी निघतात त्याची कथा. २०२३मध्ये सत्तरी ओलांडून त्याने ‘आय/ओ’ हा नवा अल्बम दिला.

तेव्हा ‘गॅब्रिएलने नुसरतला शोधलं’ असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर दुरुस्त करा. त्याने मंच दिला, ध्वनिमुद्रण केलं आणि नाव लिहिलं. आपल्या कव्वालांच्या वाट्याला एवढंही क्वचितच येतं.