हंगामाआधीच्या सरावाचे गणित

खडकवासला : धरणाच्या जलाशयाकाठी १९५५ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, अर्थात ‘एनडीए’त, दर सत्राच्या प्रारंभी नवे कॅडेट दाखल होतात. कालपर्यंत परीक्षेच्या अभ्यासात गढलेल्या या मुलांच्या वाट्याला धावणे, कवायत, पोहणे आणि मैदानी खेळ असा भरगच्च दिनक्रम येतो. सुटीनंतर सरावाला उतरणाऱ्या रग्बी संघाची अवस्थाही फारशी वेगळी नसते. थोड्या आठवड्यांत शरीर तयार करायचे असते आणि त्या घाईतच अनेकदा पुढच्या हंगामाचे नुकसान होते.

हाड मागे का राहते?

नियमित सरावाने दमसास काही आठवड्यांतच सुधारतो. हाडाला मात्र अधिक अवधी लागतो. वाढलेल्या भाराला तोंड देताना शरीर प्रथम जुनी हाडपेशी काढून टाकते आणि नंतर नवी घडवते. मधल्या काळात हाड तात्पुरते कमकुवत असते. नेमका तेव्हाच भार वाढवत नेला, तर नडगीला किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जातो. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये सैनिकांच्या पावलांतील या विकाराचे वर्णन केले. लांबच्या संचलनाशी असलेल्या संबंधामुळे त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव पडले. स्त्रियांमध्ये या दुखापतीचे प्रमाण अधिक आढळते. एनडीएत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये तिच्यातील १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यामुळे हा मुद्दा येथे अधिकच महत्त्वाचा ठरतो.

रग्बीतील अनुभव

ऑस्ट्रेलियातील संशोधक टिम गॅबेट यांनी रग्बी लीग खेळाडूंचा २००१ ते २००३ या तीन हंगामांत अभ्यास केला. हंगामपूर्व सरावाचा भार कमी केल्यावर सरावातील दुखापती घटल्या, शिवाय दमसासातील सुधारणाही अधिक झाली. याचा अर्थ सराव टाळावा असा नव्हे. हंगामापूर्वी अधिक सत्रे पूर्ण करणारे खेळाडू पुढे कमी सामन्यांना मुकतात, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. धोका असतो तो भाराच्या अचानक उडीत.

२०१५ च्या विश्वचषकात यजमान इंग्लंडचा संघ वेल्सकडून २५-२८ आणि ऑस्ट्रेलियाकडून १३-३३ असा पराभूत होऊन साखळीतच बाद झाला. त्यापूर्वी अमेरिकेतील डेन्व्हर येथे उंचावर घेतलेल्या खडतर शिबिराची त्यानंतर चर्चा झाली. अर्थात संघनिवड आणि डावपेच यांवरही टीका झाली. पराभवाचे खापर एकट्या सरावावर फोडता येत नाही.

भार कसा मोजावा?

यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. सरावानंतर खेळाडूने श्रमाला शून्य ते दहा असे गुण द्यावेत आणि त्यांना मिनिटांनी गुणावे. साठ मिनिटांच्या सरावाला सात गुण दिल्यास भार ४२० होतो. मागील चार आठवड्यांची सरासरी १५०० असताना चालू आठवड्याचा भार २४०० झाला, तर गुणोत्तर १.६ येते. ०.८ ते १.३ हा टप्पा सुरक्षित आणि १.५ पुढचा धोक्याचा, असे गॅबेट यांनी २०१६ मध्ये सुचवले. पुढे या गुणोत्तराच्या शास्त्रीय आधारावर आक्षेप घेण्यात आले. त्यामुळे ते इशारा म्हणून वापरावे, निकाल म्हणून नव्हे. झोप, आहार आणि एकाच जागी रेंगाळणारे दुखणे यांचीही रोज नोंद व्हावी.

दुखणे लपवू नये

क्लबच्या खेळाडूचा एखादा हंगाम बुडतो. कॅडेटच्या बाबतीत मात्र सत्र मागे पडण्यापासून कारकीर्द संपण्यापर्यंत काहीही घडू शकते. लष्करी प्रशिक्षणात अपंगत्व आल्याने बाहेर पडावे लागलेल्या कॅडेटांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. १९८५ पासून अशांची संख्या सुमारे ५०० असल्याचे वृत्त होते. त्यांच्या दुखापतींची कारणे भिन्न होती आणि त्या सर्वच टाळता आल्या असत्या असे नाही. परंतु स्ट्रेस फ्रॅक्चर वेळीच ओळखले, तर बहुधा काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. त्यासाठी दुखणे सांगणाऱ्याला कामचुकार ठरवण्याची सवय प्रशिक्षकांनी सोडायला हवी.