जुन्या वास्तूतील नवी प्रयोगशाळा : परळ येथील दाखला

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. येथील विज्ञान महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाविद्यालयातील जुनी प्रयोगशाळा जैवतंत्रज्ञानासाठी नव्याने सिद्ध करावयाची म्हटली की चर्चा बहुधा फरशी, ओटे व उपकरणे यांपाशीच थांबते. या संदर्भात मुंबईच्या हाफकिन संस्थेचा प्रारंभकाळ अभ्यासनीय ठरतो.

१८९६ च्या प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली, लगतचा बोळ, एक कारकून व तीन शिपाई एवढेच मिळाले. तेथे तयार झालेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. या लसीची रीत जागा मागणारी होती. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली जंतूंची वाढ लोंबती होऊ द्यावयाची, मग ती हलवून तळाशी पाडावयाची, हा क्रम कित्येक आठवडे चाले. असंख्य चंबू निर्धोकपणे ठेवण्यास बोळ कसा पुरणार? १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळचे जुने राजभवन प्लेग संशोधनासाठी देण्यात आले. जेथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत, तेथे लस तयार होऊ लागली. (साथीने सरकारला औदार्य शिकविले, असेही म्हणता येईल.)

तथापि प्रशस्त वास्तूने सर्व प्रश्न सुटले नाहीत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. चौकशीत दोषाचा रोख परळवर ठेवण्यात आला. लसीत कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेवर विसंबल्याचा आक्षेप होता. हाफकिन यांना पद सोडावे लागले. परंतु बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि ज्योतीत न तापविताच त्याने बूच काढले गेले, ही बाब साक्षीत नोंदलेली होती. तिचे महत्त्व उशिरा ओळखले गेले. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी जाहीर बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

म्हणजे परळमध्ये दालने बदलली, साधने आली. पण शेकडो कोस दूर चिमटा हाती धरणाऱ्याचे प्रशिक्षण प्रयोगशाळेच्या आराखड्यात मोजले गेले नव्हते. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात हा रकाना आजही शोधावा लागतो. परळच्या संस्थेस हाफकिन यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.