नूर: डाखाऊपर्यंतचे तास

११ सप्टेंबर १९४४. फोर्झहाइम तुरुंग

नूरच्या कोठडीतून जेवणाचा पत्र्याचा वाडगा परत जातो. त्याच्या बुडाशी तिने ओरखडून कळवलेलं असतं, की आपल्याला इथून हलवतायत. शेजारच्या कोठड्यांतल्या फ्रेंच बायका ते वाचतात. तिला बघण्याची सोय नव्हती, ओळख झाली ती या वाडग्यांवरूनच. नाव तिने नोरा बेकर सांगितलं होतं, बेकर हे आईचं माहेरचं आडनाव. लंडनचा पत्ताही दिला होता.

हाताला साखळी, पायाला साखळी आणि दोन्ही जोडणारी तिसरी. जवळजवळ दहा महिने ती अशी एकटी होती. तुरुंगाधिकाऱ्याने दया येऊन एकदा साखळ्या काढल्या, तर गेस्टापोने त्यालाच दटावलं.

त्याच रात्री. कार्ल्सरूहेच्या वाटेवर

नूर इनायत खान, वय ३०. पणजोबा मौलाबक्ष, सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढणारे. त्यांच्या तालमीत वाढलेले नातू, म्हणजे नूरचे वडील इनायत खान, वीणा घेऊन पश्चिमेला गेले आणि सूफी गुरू म्हणून तिथेच रमले. नूर जन्मली मॉस्कोत, वाढली पॅरिसजवळ. सोरबॉनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, हार्प वाजवायची, पॅरिस रेडिओसाठी मुलांच्या गोष्टी लिहायची. १९३९ मध्ये लंडनमध्ये तिचं जातककथांचं पुस्तक निघालं. त्यातला वानरराज दोन काठांमध्ये स्वतःचं अंग ताणून धरतो आणि सगळा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. ही गोष्ट सांगणाऱ्या मुलीने पुढे काय केलं ते माहीत असल्यामुळे मला ती आता नुसती बालकथा म्हणून वाचता येत नाही.

१२ सप्टेंबर, उजाडण्याआधी. कार्ल्सरूहे

इथल्या तुरुंगातून आणखी तिघींना आणलं आहे: योलांद बीकमन, एलियान प्लूमन, मादलेन दामेरमाँ. चौघीही ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेच्या. पहारेकऱ्यांसोबत त्यांना म्युनिकच्या गाडीत बसवतात. खिडकीशी जागा मिळते, आपसात बोलायला हरकत नसते. दहा महिन्यांनी नूरला बोलायला माणसं मिळाली.

पण मादलेन तिथे कशी आली हे सांगायलाच हवं. नूरने पाठवलेल्या संदेशांच्या प्रती एका वहीत जपल्या होत्या. ती पकडली गेली तेव्हा वही आणि रेडिओ दोन्ही जर्मनांच्या हाती लागले. तिच्या नावाने ते लंडनशी बोलत राहिले, आणि २९ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री मादलेन पॅराशूटने उतरली ती थेट त्यांच्या हातात. नूरची ती चूक मोठी होती, पण लंडनची तिच्याहून मोठी. नूरच्या अटकेचा इशारा ऑक्टोबर १९४३ मध्येच तिथे पोचला होता. सोन्या नावाच्या मुलीने तो सांकेतिक भाषेत पाठवला होता: अपघात, इस्पितळ. ही सोन्या कोण हे मुख्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून इशारा बाजूला पडला.

१२ सप्टेंबर, दिवसभर. म्युनिकची गाडी

आदल्या वर्षी १७ जूनच्या मध्यरात्री नूर रेडिओवरून लंडनला संदेश पाठवण्यासाठी फ्रान्समध्ये उतरली होती. आठवड्याभरातच तिचं जाळं कोसळलं, साथीदार धडाधड पकडले गेले. लंडनने परत ये म्हटलं. पॅरिसमधून बोलणारी आता आपणच उरलो, असं सांगून ती थांबली. सुमारे १५ किलोंचा रेडिओ घेऊन घरं बदलत तिने चार महिने काढले. रेडिओवाला सहा आठवडे टिकला तरी पुष्कळ, असं तेव्हा धरत.

पकडल्यावर पॅरिसच्या ८४, आव्हेन्यू फॉश इथे तिला ठेवलं. तिथला दुसरा कैदी जॉन स्टार याने झाडण्याचं यंत्र दुरुस्त करून देतो म्हणत एक स्क्रूड्रायव्हर मिळवला. नूर, स्टार आणि तिसरा कैदी कर्नल फाय तो न्हाणीघरात लपवून आळीपाळीने वापरायचे आणि झरोक्याचे गज सैल करायचे. २५ नोव्हेंबरच्या रात्री तिघं छपरावर पोचले. नूरचा गज हलायला फार वेळ लागला. तेवढ्यात ब्रिटिश विमानं आली, भोंगा वाजला, पहारेकऱ्यांनी कोठड्या तपासल्या आणि तिघं पुन्हा पकडले गेले. आपल्याच बाजूच्या विमानांनी घात केला.

पुन्हा पळणार नाही, असा शब्द द्या, गेस्टापोचा कीफर म्हणाला. स्टारने दिला. फायने आणि नूरने नाकारला. दोन दिवसांत तिची रवानगी जर्मनीला झाली, साखळ्यांत. तो शब्द दिला असता तर ही गाडी तिच्या वाट्याला आली नसती, असं मला वाटतं. तरी तिने नकार दिला, हे मला तिच्या साऱ्या कामापेक्षा मोठं वाटतं.

मध्यरात्र. डाखाऊ

छावणीत चौघींना वेगवेगळं कोंडतात.

१३ सप्टेंबर, सकाळ

स्मशानभट्टीजवळच्या अंगणात त्यांना गुडघ्यांवर बसवतात. मानेत मागून एकेक गोळी. प्रेतं लगेच जाळतात.

लंडनला हे लवकर कळलं नाही. नूर नाट्झवायलर छावणीत ६ जुलै १९४४ रोजी मारली गेली, असा आधी निष्कर्ष निघाला, कारण तिथे मारलेल्या चार जणींपैकी एकीचं वर्णन तिच्याशी जुळत होतं. चूक पुढे सुधारली आणि १९४९ मध्ये नूरला जॉर्ज क्रॉस मिळाला. नाट्झवायलरची ती चौथी बाई सोन्या ओल्शानेझ्की होती. नूर पकडली गेल्याचा निरोप लंडनला धाडणारी सोन्या तीच.