मैदान आणि कोठार : होली क्रॉस कॉलेजचे दोन खेळ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर शहरातील एका टेकडीवर होली क्रॉस कॉलेज उभे आहे. बोस्टनचे बिशप बेनेडिक्ट फेनविक यांनी 1843 साली ते स्थापिले व येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती सोपविले. कॅथलिकांविषयी त्या राज्यात तेव्हा एवढी अढी होती, की विधिमंडळाने 1849 साली कॉलेजला सनद नाकारली. 1865 पर्यंत येथे शिकलेल्या मुलांना जॉर्जटाउन या येशूसंघीयांच्याच जुन्या संस्थेची पदवी घ्यावी लागे. अशा या संस्थेने पुढे अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने दोन निरनिराळ्या खेळांत आंतरविद्यापीठीय राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले : 1947 साली बास्केटबॉलमध्ये आणि 1952 साली बेसबॉलमध्ये.

दोन्ही यशे एकाच अंगणातली. परंतु त्यांची कुळकथा अगदी वेगळी आहे.

बेसबॉल हे कॉलेजचे लाडके अपत्य होते. त्याला फिटन फील्ड हे स्वतःचे मैदान होते आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली परंपरा होती. पेनॉब्स्कॉट या आदिवासी जमातीतील लुई सॉकलेक्सिस येथूनच पुढे गेला आणि 1897 साली क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघातून खेळला. प्रेक्षकांची कुचेष्टा त्याने किती सोसली, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. या परंपरेला खरे वळण मिळाले ते जॅक बॅरी यांच्यामुळे. बॅरी याच कॉलेजचे विद्यार्थी. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सच्या ज्या आतल्या फळीला लोक ‘लाख डॉलरची फळी’ म्हणत, तिच्यातील ते एक खेळाडू होते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये नाव कमावल्यानंतर 1921 साली ते होली क्रॉसला प्रशिक्षक म्हणून आले आणि चाळीस हंगाम तेथेच राहिले. 1961 साली त्यांचे निधन झाले.

चाळीस वर्षे एका जागी टिकणे सोपे नसते, आणि न्यू इंग्लंडच्या हवेत तर बेसबॉल शिकविणे त्याहून कठीण. तेथे मार्च संपेपर्यंत जमिनीवर बर्फ असतो. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातली मुले उन्हात सराव करीत असताना वुस्टरच्या मुलांना छपराखाली चेंडू फेकत दिवस मोजावे लागतात. तरीही जून 1952 मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे बॅरींच्या संघाने अंतिम सामन्यात मिसुरी विद्यापीठाला 8–4 असे हरविले. गोलंदाजाचे काम करणारा जिम ओनील त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. देशाच्या ईशान्य भागातील दुसऱ्या कोणत्याही संस्थेला त्यानंतर हे अजिंक्यपद मिळालेले नाही.

बास्केटबॉलची कथा उलटी आहे. हा खेळ जन्मला तोच मुळी शेजारी. वुस्टरपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात तो शोधून काढला. तोही हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून. म्हणजे वुस्टरच्या थंडीला याहून सोयीचा खेळ नाही. असे असूनही होली क्रॉसमध्ये त्याला हक्काचे छप्पर मिळाले नाही. 1945 साली ॲल्विन ज्युलियन प्रशिक्षक झाले तेव्हा संघ कॉलेजच्या आवारातील शेतीच्या एका जुन्या कोठारात सराव करीत असे, आणि मोठे सामने खेळण्यासाठी बोस्टन गाठावे लागे.

संघातील मुले बहुतेक न्यूयॉर्क व त्याच्या परिसरातील. काही जण महायुद्धातील सेवा संपवून आलेली. त्यांत फ्रेंच स्थलांतरितांचा मुलगा बॉब कूझी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. मार्च 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या बिनघरच्या संघाने ओक्लाहोमाला 58–47 असे नमविले. जॉर्ज काफ्टन सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे अजिंक्यपद न्यू इंग्लंडमध्ये प्रथमच येत होते. पुढच्याच वर्षी ज्युलियन बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाकडे गेले. कूझी 1950 साली आणि टॉम हाइन्सन 1956 साली त्याच संघात दाखल झाले.

माझ्या मते दोन्ही परंपरांतला भेद येथे आहे. बेसबॉलने माणसे धरून ठेवली. बास्केटबॉलने ती घडवून जगाला दिली. 1947 च्या संघातील जो मुलेनी पुढे प्रॉव्हिडन्स या डॉमिनिकन कॉलेजचा प्रशिक्षक झाला आणि त्याने त्या छोट्या कॉलेजला नावारूपास आणले. कीर्तीच्या तराजूत बास्केटबॉलचे पारडे जड आहे, हे मान्य करावे लागेल. संस्थेने स्वतः काय पेरले, असे विचारले तर मात्र मी बॅरींच्या चाळीस वर्षांकडे बोट दाखवीन.

यानंतरचा कसोटीचा क्षण 1979 सालचा. ईशान्येकडील महाविद्यालयांची ‘बिग ईस्ट’ ही संघटना स्थापन होत होती. तिच्यात येण्याचे निमंत्रण होली क्रॉसलाही होते. फादर जॉन ब्रुक्स तेव्हा अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1972 साली, कॉलेजने मुलींना प्रवेश दिला होता. अभ्यासाला दुय्यम स्थान मिळेल, अशा खेळाच्या व्यवहारात उतरण्यास कॉलेजने नकार दिला. 1985 साली राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत तीन ‘बिग ईस्ट’चे होते : व्हिलानोव्हा, जॉर्जटाउन आणि सेंट जॉन्स. तिन्ही संस्था कॅथलिक. त्या दिवशी वुस्टरच्या टेकडीवर कित्येकांना हळहळ वाटली असेल. मला तो नकार चुकीचा वाटत नाही. परंतु त्याची किंमत मोजावी लागली, हेही लपविण्यात अर्थ नाही. 1954 साली न्यूयॉर्कची निमंत्रितांची स्पर्धा जिंकणारा हा संघ 2016 साली राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला, तेव्हा त्या हंगामात त्याचे पराभव विजयांहून अधिक होते. बेसबॉलचा संघ त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या गटाचा विजेता ठरला.

बास्केटबॉलला अखेर घर मिळाले. हार्ट सेंटर ही वास्तू 1975 साली उभी राहिली आणि तिच्या दारी आज कूझीचा पुतळा आहे. ती बांधली गेली तेव्हा कूझीला पदवी घेऊन पंचवीस वर्षे झाली होती.