मातेच्या कुशीतील वारसा

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या समाजात पुष्कळदा आईला दोष देण्यासाठीच वापरली जाते. मूल रोगी निघाले की बोट प्रथम तिच्याकडे वळते. आईच्या कुशीतून अपत्याला नेमके काय मिळते, याचा शास्त्रीय शोध मात्र फार जुना नाही. आणि त्याच्या आरंभी गुंज व एरंडी या आपल्या परिचयाच्या दोन बिया आहेत.

बर्लिन येथे पॉल एर्लिख हा शास्त्रज्ञ गुंजेतील अ‍ॅब्रिन आणि एरंडीतील रिसिन ही जहाल विषे अल्प मात्रेत देऊन उंदरांना त्यांविरुद्ध समर्थ बनवीत असे. समर्थ मादीची पिले हे विष सहन करतात, केवळ पिता समर्थ असल्यास करीत नाहीत, असे १८९२ साली त्याने दाखविले. मग त्याने पिलांची अदलाबदल केली. सामान्य मादीची पिले समर्थ मादीला पाजावयास दिली, तेव्हा त्यांनाही संरक्षण लाभले. म्हणजे हे दान बीजाचे नव्हते. ते मातेच्या रक्ताचे आणि दुधाचे होते, आणि म्हणूनच काही काळाने ओसरणारे होते.

हीच संरक्षक द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंडे, स्वतःच्याच शरीरावर उलटली तर? शरीर असा आत्मघात टाळते, असे एर्लिखने १९०१ च्या सुमारास प्रतिपादिले. पुढे अर्धशतक बहुतेकांनी त्याचा अर्थ ‘असे रोग संभवतच नाहीत’ असाच घेतला. १९५६ साली अमेरिकेत रोझ व विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून, आणि लंडनमध्ये रॉइट, डोनिआक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या रुग्णांवरून, तो समज खोटा ठरविला.

तेव्हा मातेची उलटलेली प्रतिपिंडेही वार ओलांडून गर्भापर्यंत जात असली पाहिजेत, हे ओघानेच आले. काही अर्भके अतिमंद हृदयगती घेऊन जन्मतात. त्यांच्या मातांच्या रक्तात ‘रो’ नावाची प्रतिपिंडे असतात, असे १९८३ सालच्या अभ्यासांतून दिसून आले. त्यांपैकी कित्येक मातांना स्वतःला कसलाही त्रास नव्हता! ही प्रतिपिंडे असलेल्या मातांपैकी सुमारे शंभरांत दोघींच्याच गर्भाला हा विकार जडतो. अशा अर्भकाच्या त्वचेवर उठलेले चट्टे मातेची प्रतिपिंडे सरताच काही महिन्यांत मावळतात. हृदयाची इजा मात्र कायम राहते.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. बालपणी जडणारा मधुमेह हाही आत्मघाती प्रतिकाराचाच रोग. तो पित्याला असल्यास अपत्याला जितका धोका, त्याहून मातेला असल्यास कमी, असे १९८४ साली अमेरिकेत आढळले आणि पुढील पाहण्यांनी त्याला दुजोरा दिला. कूस येथे धोका वाढवीत नाही; उलट ती काही अंशी ढालच होत असावी.

या ज्ञानाचे खरे मोल उपचारात आहे. हृदयविकाराचे एक मूल झालेल्या मातांमध्ये पुढील खेपेस तो सुमारे शंभरांत अठरा वेळा उद्‌भवतो. अशा मातांना गर्भारपणाच्या प्रारंभापासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे हिवतापावरील जुने औषध दिल्यास हे प्रमाण निम्म्याहून खाली येते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जो वारसा मातेने जाणूनबुजून दिलेला नाही, त्याचा दोष तिच्या पदरी बांधण्याचे कारण नाही. तिचे रक्त वेळीच तपासणे, एवढे मात्र समाजाच्या हाती आहे.