भिडे वाड्यातली फातिमा

२०१९ साली आम्ही आमच्या उर्दू शाळेतल्या सातवीच्या मुली घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो होतो. दगडूशेठ गणपतीसमोर उभे राहून भिडे वाडा दाखवायचा, तर दाखवायला फार काही उरले नव्हते. खाली दुकाने, वर मोडकळीला आलेला मजला. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, एवढे रस्त्यावरूनच सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, फातिमा टीचर कुठल्या खोलीत शिकवायच्या?" आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

खरे तर फातिमाचा भक्कम पुरावा एका पत्रापुरताच आहे. आजारपणात माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी ते जोतीरावांना लिहिले. आपल्यामागे फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातला आशय. आडनाव नाही, वय नाही. पण ज्या बाईवर शाळा सोपवून निर्धास्त राहता येते, ती कोण असेल हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने फातिमा शेख हे पात्र आपणच रचले असे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडे खळबळ उडाली. वास्तविक हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ सालीच छापून आले आहे. मात्र आपलेही चुकलेच. ९ जानेवारी ही जयंती आम्ही थाटाने साजरी करत आलो. त्या तारखेला समकालीन आधार नाही, याची चौकशी कधी केली नाही. अशी भर घातली की खोटे ठरवणाऱ्याचे काम सोपे होते.

आणि जे नाव फुल्यांच्या चरित्रांत ठळकपणे येते, ते आपण विसरलो. उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुनशी! जोतीरावांची शाळा सुटली होती. मुलाला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना पटवणाऱ्यांत हे मुनशी होते आणि लिजिट साहेब होते. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. आमच्याच पेशातला माणूस, पण त्याची तसबीर आम्ही एकाही उर्दू शाळेत पाहिली नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी वाडा पाडला. स्मारकात पुतळे येतीलच. आमचे मागणे एवढेच, की एका खोलीत ते पत्र लावावे, सहज वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. शेजारी मुनशींचे नाव असावे.

यंदा ९ जानेवारीला आम्ही फळ्यावर जन्मतारीख लिहिली नाही. १० ऑक्टोबर १८५६ लिहिले आणि पत्र वाचून दाखवले.